सफरमैनेची गाडी : एका प्रतिकृतीची घडण



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजच्या विषयाचे नाव वाचून एक-दोघांनी मला रस्त्यात अडवून विचारले, "तुम्ही कामगार चळवळीतले. बोनसवर बोला, कंत्राटी मजुरांवर बोला. प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या रणगाड्यावर तासभर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी देणार आहे. परंतु ते शेवटी. आधी ही वस्तू काय आहे, ती कशी घडते, आणि ती घडवणाऱ्याला कोणकोणत्या गोष्टी समजून घ्याव्या लागतात, हे पाहू. एवढे समजले की उत्तराचा अर्धा भाग आपोआप हाती येतो.

मी ज्या गाडीविषयी बोलणार आहे तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. त्याची आद्याक्षरे घेऊन तिला ए. व्ही. आर. ई. म्हणतात. आपल्याकडे 'सॅपर्स अँड मायनर्स' या पलटणीला जुनी माणसे 'सफरमैना' म्हणत. तोच शब्द घेऊन आपण तिला सफरमैनेची गाडी म्हणू. ही मूळची चर्चिल जातीची ब्रिटिश रणगाडी. चर्चिल रणगाड्याची घडण इंग्लंडातील व्हॉक्सहॉल या मोटार कंपनीने केली. या रणगाड्याचे तिसरे व चौथे नमुने घेऊन, त्यांची तोफ काढून, त्यांना इंजिनियर दलाच्या कामासाठी बदलण्यात आले. लढाईत पूल टाकणे, खंदक भरणे, अडथळे उडवणे, सुरुंग काढणे ही कामे या दलाची. म्हणजे गोळीबार चालू असता जो मजुरी करतो, त्याची ही गाडी.

ती का जन्माला आली हे समजल्याशिवाय तिचा एकही भाग नीट जोडता येत नाही. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील दिएप या बंदरावर दोस्तांनी छापा घातला. सुमारे सहा हजार माणसे होती, त्यांपैकी पाच हजारांच्या आसपास कॅनडाची. बरोबर चर्चिल रणगाडे होते. किनाऱ्यावर वाळू नव्हती, गोटे होते. ते पट्ट्यांत आणि चाकांत अडकून कित्येक रणगाडे जागच्या जागी बसले. काही रणगाडे समुद्राची भिंत ओलांडून वर चढले खरे, पण शहरात शिरणाऱ्या रस्त्यांवर काँक्रिटचे अडथळे होते. ते उडवण्याचे काम इंजिनियर दलाकडे होते. स्फोटके हातांत किंवा पाठीवर घेऊन त्यांना उघड्यावरून त्या अडथळ्यांपर्यंत जावयाचे होते. ते पोचू शकले नाहीत. अडथळे उभेच राहिले आणि रणगाडे त्यांच्या अलीकडे. त्या एका दिवसात नऊशेहून अधिक कॅनेडियन मेले.

या अनुभवातून कॅनडाच्या इंजिनियर दलातील लेफ्टनंट डेनोव्हन याने एक साधी सूचना केली. रणगाड्याच्या पोटातील तोफगोळ्यांची मांडणी काढून टाका आणि तेथे इंजिनियर व त्यांची स्फोटके बसवा. कामकऱ्याला कामाच्या जागेपर्यंत पोलादाच्या आडून न्या. चर्चिल यासाठी सोयीचा होता, कारण त्याचे पोट प्रशस्त होते आणि दोन्ही कुशींना दारे होती. वरून न चढता कुशीतून उतरावे, काम करावे आणि परत आत शिरावे.

तोफेच्या जागी एक आखूड, जाड नळीचे यंत्र बसवले. त्याला पेटार्ड म्हणत. त्याचा व्यास २९० मिलिमीटर. त्यातून सुटणारा बाँब सुमारे १८ किलोचा, आणि तो दिसावयाचा असा, की सैनिक त्याला 'उडता कचऱ्याचा डबा' म्हणत. त्याचा उपयुक्त पल्ला जेमतेम ८० यार्ड. तोफांचे गोळे मैल मैल जात असता ८० यार्डांचे हत्यार कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्याने रणगाडा मारावयाचा नव्हता; काँक्रिट फोडावयाचे होते. अंतरापेक्षा धक्का महत्त्वाचा होता.

याच गाडीवर निरनिराळी अवजारे चढवीत. खंदक भरण्यासाठी काटक्यांची आठ फूट व्यासाची मोळी पुढच्या बाजूस बांधीत. ओढ्यात बैलगाडी रुतली की आपला शेतकरी फांद्या टाकून वाट करतो, तीच युक्ती. तीस फुटांची फट ओलांडण्यासाठी लोखंडी तुळयांचा पूल पुढे धरीत. मऊ वाळूवर रस्ता करण्यासाठी कापडाचे मोठे रीळ नेऊन ते उलगडीत. अशा सर्व विचित्र गाड्या ७९ व्या चिलखती डिव्हिजनमध्ये एकत्र केल्या होत्या. तिचा सेनापती पर्सी होबार्ट. हा गृहस्थ १८८५ साली आपल्या नैनितालला जन्मला आणि मूळचा इंजिनियर दलाचाच. वरिष्ठांशी पटेना म्हणून १९४० साली त्याला घरी बसवले, तेव्हा तो मेजर जनरल होता. पण गावच्या होमगार्डात लान्स-कॉर्पोरल म्हणून जाऊन उभा राहिला. नंतर त्याला परत बोलावण्यात आले. त्याच्या डिव्हिजनचे चिन्ह म्हणजे उलट्या पिवळ्या त्रिकोणात बैलाचे डोके. ओझे ओढणाऱ्यांच्या तुकडीला शोभेल असेच ते होते.

आता प्रतिकृतीकडे वळू. १ : ३५ या प्रमाणात तिचे संच मिळतात. हे प्रमाण विचित्र वाटते, कारण ते कोणत्याही शास्त्रातून आलेले नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचा चालता संच काढला. आत मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून जी रुंदी धरली, तिच्यातून सुमारे १ : ३५ हे प्रमाण निघाले. पुढे इतरांनी तेच उचलले. पुष्कळशी मापे अशीच ठरतात. आधी सोय होते आणि मग तिला नियम म्हणतात.

एकदा प्रमाण ठरले की ते पाळावेच लागते. मूळ गाडी ७·४४ मीटर लांब, प्रतिकृती २१ सेंटिमीटरांहून थोडी अधिक. आठ फुटांची मोळी सात सेंटिमीटरांची. पावणेसहा फुटांचा माणूस पाच सेंटिमीटरांचा. पेटार्डाचा ८० यार्डांचा पल्ला या जगात सुमारे दोन मीटर, म्हणजे साडेचार हात. मेजावर प्रतिकृती ठेवून साडेचार हातांवर एक वीट ठेवून पाहा. इतक्या जवळ जाऊन ही माणसे काम करीत, हे आकड्यापेक्षा त्या विटेवरून लवकर कळते.

वजनाचा हिशेब मात्र निराळा आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही ३५ पटींनी घटल्या की आकारमान ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ पटींनी घटते. चाळीस टनांची गाडी त्याच धातूंची केली, तर किलोच्या आत भरेल. प्लॅस्टिकची तर याहून पुष्कळच हलकी. म्हणून खरी गाडी आपल्या वजनाने जशी बसते, तशी प्रतिकृती आपोआप बसत नाही. तिला वजन आहे असे दिसावे, यासाठी जोडणाऱ्याला हातांनी कष्ट घ्यावे लागतात. पट्टा दोन आधारांमध्ये सैल पडलेला दाखवावा लागतो, चाके जमिनीवर नेमकी टेकवावी लागतात.

संचाच्या खोक्यात तयार भाग नसतात, चौकटी असतात. पॉलिस्टायरीन नावाच्या प्लॅस्टिकचे दाणे तापवून पातळ करतात आणि दाबाने पोलादी साच्यात भरतात. थंड झाले की साच्याचे दोन भाग सरळ उघडतात आणि चौकट बाहेर पडते. आता यातली गोम पाहा. साचा सरळ उघडावयाचा असल्याने ज्या भागाला आतून खाच किंवा आडवी पोकळी आहे, तो एकसंध निघू शकत नाही, साच्यातच अडकेल. म्हणून त्याचे तुकडे करावे लागतात. गुंतागुंतीच्या संचात भाग इतके का असतात, याचे मुख्य कारण हेच. चर्चिलला प्रत्येक बाजूस अकरा चाके, म्हणजे एकूण बावीस, आणि प्रत्येकाला स्वतंत्र कमानी. एका चाकाचा जोड समजा पाच तुकड्यांचा धरला, तरी केवळ चाकांचेच तुकडे एकशे दहा होतात. त्यांतला कोणताही दिखाऊ नसतो, आणि एकही चुकवता येत नाही.

साच्याच्या खुणा भागांवर उतरतात. दोन अर्धे जेथे मिळतात तेथे बारीक शिवण राहते. भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे राहतात. जाड जागी प्लॅस्टिक थंड होताना आकसून खळगा पडतो. कानस आणि पॉलिशपेपर घेऊन या खुणा काढणे हे जोडणीतले सर्वांत लांब आणि कंटाळवाणे काम. पण या खुणांकडे मी निराळ्या नजरेने पाहतो. माझे शाळेतले शिक्षण फार झाले नाही. ड्रॉइंग वाचावयास मी शिकलो, ते साचे बनवणाऱ्या कारागिरांच्या शेजारी उभे राहून. केसाच्या जाडीइतका फरक बोटाने ओळखणारी ती माणसे. प्रतिकृतीवर सहीचा मान कोणाला असेल तर तो त्यांना. पण खोक्यावर त्यांचे नाव कधीच नसते.

भाग कापावयाचा तो मुळाशी नव्हे, थोडा दूर. मग उरलेला खुंट कानशीने काढावयाचा. जोडण्यापूर्वी दोन भाग कोरडेच लावून पाहावयाचे. जोडण्याचा द्रव हा डिंक किंवा खळ नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो, दोन पृष्ठभाग एकमेकांत मिसळतात, द्रव उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. लोखंडाच्या झाळणीचाच हा थंड भाऊ. म्हणून सांध्याच्या जागी रंग असेल तर तो आधी खरवडला पाहिजे. आणि त्या द्रवाची वाफ छातीत जाऊ देऊ नये. खिडकी उघडी ठेवूनच काम करावे. छंद असला म्हणून फुप्फुसाला सूट मिळत नाही.

आता चाकांचा एक धडा सांगतो, कारण समजून जोडणे आणि नुसते चिकटवणे यांतला फरक त्यात आहे. गाडीचे पोट काटकोनात जोडून झाले की चाके बसवून ती सपाट काचेवर ठेवतात. पाहणाऱ्याला वाटते, अकराही चाके काचेला टेकली पाहिजेत. पहिले आणि शेवटचे अधांतरी दिसले की तो ती दाबून खाली बसवतो. पण मूळ गाडीतच सपाट जमिनीवर भार घेणारी चाके नऊ. पुढचे चाक गाडी चढाला किंवा अडथळ्याला भिडली की कामाला येते, आणि मागचे काही अंशी पट्टा ताणून धरते. म्हणजे काचेवर नऊ टेकली आणि दोन उचललेली राहिली, तरच जोडणी बरोबर. जे रिकामे दिसते ते निकामी नसते. कारखान्यात 'हा माणूस नुसता उभा असतो' असा शेरा मारणाऱ्यांना मी ही काच दाखवू इच्छितो.

पत्र्याची जाडी ही दुसरी अडचण. समोरचे चिलखत चार इंचांचे, म्हणजे प्रतिकृतीत सुमारे तीन मिलिमीटर. ते प्लॅस्टिकमध्ये सहज होते. पण चिखल अडवणारा पातळ पत्रा मूळचाच दोन मिलिमीटरांचा धरला, तर प्रतिकृतीत तो साध्या कागदाहून पातळ व्हावयास हवा. इतके पातळ प्लॅस्टिक साच्यात भरत नाही. म्हणून असे भाग रसायनाने कोरलेल्या पितळी पत्र्याचे देतात. ते चिमट्याने वाकवून वेगळ्या चिकट द्रवाने लावावे लागतात, कारण प्लॅस्टिक विरघळवणारा द्रव पितळावर चालत नाही.

मोळीसाठी मात्र परदेशी माल नको. आपल्या खराट्याचे हीर उत्तम. एक मिलिमीटरचा हीर म्हणजे मूळचा साडेतीन सेंटिमीटरांचा फाटा. सारख्या लांबीचे तोडून, मधूनमधून बारीक तारेने आवळून सात सेंटिमीटर व्यासाची मोळी बांधावी. तार आवळताना लक्षात येते, की मोळी बाहेरून गच्च दिसली तरी आतले हीर सटकतात. आधी लहान पेंढ्या बांधून मग त्यांची मोठी मोळी केली, की ती सुटत नाही. संघटनेचे काम ज्यांनी केले आहे त्यांना हे फोड करून सांगावयास नको.

शेवटी रंग. १९४४ च्या वसंतात ब्रिटिश सैन्याने जुना तपकिरी रंग सोडून काळपट हिरवा घेतला. तो पातळ थरांनी द्यावा. चिन्हांचे कागद पाण्यात भिजवून लावण्यापूर्वी तेवढ्या जागी चकाकी द्यावी, म्हणजे कडा दिसत नाहीत. मग धूळ, चिखल आणि गंज. पण हात आखडता ठेवावा. फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलेली गाडी काही तासांपूर्वीच जहाजातून आलेली. तिच्यावर वर्षांचा गंज कोठून येणार? डाग देतानासुद्धा इतिहास विचारावा लागतो.

६ जून १९४४ रोजी ग्रे-सुर-मेर या गावाजवळच्या किनाऱ्यावर 'वन चार्ली' नावाची अशीच एक गाडी मोळी घेऊन पुढे आली आणि पाण्याने भरलेल्या खोल खड्ड्यात उतरून बुडाली. आतली माणसे बाहेर पडली. पण पोलादाच्या बाहेर आल्यावर मॉर्टरच्या माऱ्यात सापडली आणि त्यांतील काहीजण मेले. मग त्या बुडालेल्या गाडीचाच आधार करून वर पूल टाकला आणि मागचे रणगाडे तिच्यावरून गेले. ती गाडी तेथेच गाडली गेली. १९७६ साली ती उकरून काढली आणि आज त्याच गावात स्मारक म्हणून उभी आहे.

याच कामाची आपल्या मातीतली आठवण सांगतो. कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे बाँबे सॅपर्सचे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी हा रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करावयाचा होता. ८ एप्रिलला कामाच्या आरंभीच मॉर्टरच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील दोघे ठार आणि पाचजण जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. त्यांच्यापाशी पोलादी पोटाची खास गाडी नव्हती. त्यांनी चालत्या रणगाड्याच्या खाली रांगत, दोरीने चालकाला खुणा करीत, त्याच आडोशाने पुढे सरकत काम केले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. डेनोव्हनने कागदावर जे सुचवले, ते राण्यांनी आपल्या अंगाने केले. शौर्याला नमस्कार करावा. पण तो करताना हेही विचारावे, की माणसाला इतके शूर व्हावे का लागले? आडोसा आधीच तयार असता तर?

आणि आता त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. प्रतिकृतीतला पेटार्ड जोडताना त्याची नळी वर मोडती ठेवावी लागते, कारण मूळ यंत्र तसेच भरत. बुरूज फिरवून नळी ठराविक झाकणावर आणावयाची, ती उभी करावयाची, आणि चालकाशेजारच्या माणसाने झाकण सरकवून बाँब खालून वर ढकलावयाचा. त्या क्षणी त्याचे हात पोलादाच्या बाहेर. चाळीस टनांची गाडी त्या माणसांच्या रक्षणासाठी बांधली, आणि तरीही जेथे प्रत्यक्ष काम होते तेथे हात उघडे पडलेच. चित्र पाहून हे कळत नाही. ते झाकण, ती नळी आणि तो पाच सेंटिमीटरांचा माणूस आपल्या बोटांनी बसवताना कळते.

आमच्या पॉवरप्रेसवरही नेमके हेच घडते. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २१ व्या कलमाने धोक्याच्या यंत्रभागांना कुंपण सक्तीचे केले. पण नगावर मजुरी असली की गार्डामुळे नग कमी निघतात. मग तो गार्ड कोणीतरी काढून ठेवतो, आणि बोटे गेली की 'कामगाराचा निष्काळजीपणा' असा शेरा पडतो. एका कारखान्याच्या अशाच वाटाघाटीत मी पुठ्ठ्याची, एक-दशांश मापाची प्रेस करून मेजावर ठेवली आणि पत्र्याचा तुकडा कामगार कोठून घालतो, कोठून काढतो, ते त्या साहेबांना स्वतः करावयास लावले. तोवर तासभर वाद चालला होता. दोन मिनिटे त्यांनी हात आत-बाहेर केला आणि वाद थांबला. दोन हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय न चालणारी योजना सहा प्रेसवर बसली. नगाचा दर मात्र अजून सुटलेला नाही, आणि दर सुटेपर्यंत उरलेल्या प्रेसवरचे गार्ड पुन्हा निघणार नाहीत याची मी खात्री देऊ शकत नाही.

युद्धाची साधने मेजावर मांडून मुलांना युद्धाची गोडी लागेल, अशी भीती काही सज्जनांना वाटते. ती खोटी नाही. नुसते चिकटवून, रंगवून कपाटात ठेवले तर तसे होईलही. परंतु हे झाकण येथे का, या गाडीला कुशीत दार का, दिएपला काय झाले, असे विचारत जो जोडतो, त्याला प्रत्येक सांध्यापाशी कोणातरी माणसाची हाडे दिसतात. त्याला युद्धाची गोडी लागेल असे मला वाटत नाही.

ज्यांना आरंभ करावयाचा असेल त्यांनी एकदम बावीस चाकांवर उडी घेऊ नये. साधी मोटार घ्यावी, चांगली कानस घ्यावी, आणि खिडकीपाशी बसावे. शक्य झाल्यास अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील रणगाडा संग्रहालयात जावे. तेथे चर्चिल जातीचा रणगाडा उभा आहे. त्याच्या कुशीशी वाकून चाके मोजावीत, आणि पहिले व शेवटचे जमिनीपासून किती वर आहे ते पाहावे. आणि घरी येऊन आपण रोज ज्या यंत्रापाशी उभे राहता, मग ते कारखान्यातले असो, पिठाच्या गिरणीतले असो की उसाच्या चरकाचे, त्याचेही एक पुठ्ठ्याचे रूप करून पाहावे. हात कोठे बाहेर येतो, एवढेच त्यात शोधावे.